वेखंडाची पानं आणि कागदी मासे : जपानचा बालदिन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी मला विचारलं, की बालदिन म्हणजे १४ नोव्हेंबर, नेहरूंचा वाढदिवस. त्यावर तासभर काय बोलणार? त्यांचं बरोबर आहे. आपला बालदिन एका माणसाच्या जन्मतारखेवर उभा आहे. तुर्कस्तानात २३ एप्रिलला मुलांचा सण असतो, तो १९२० साली त्या दिवशी अंकारात राष्ट्रीय सभा भरली म्हणून. म्हणजे अशा दिवसांच्या मागे बहुतेक वेळा एखादा नेता असतो, नाहीतर एखादा ठराव असतो. एका वाक्यात उगम सांगून होतो.

जपानचं तसं नाही. तिथे ५ मे हा ‘कोदोमो नो ही’, म्हणजे मुलांचा दिवस. राष्ट्रीय सुट्टी. पण या दिवसाचा उगम शोधायला गेलं की नेता सापडत नाही, सापडते एक वनस्पती. आणि ती वनस्पती तुमच्या-माझ्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत होती. मी वेखंडाबद्दल बोलतोय.

थांबा, तिथपर्यंत येऊ. आधी एक प्रश्न समोर ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. ५ मे हा दिवस नक्की कुणाचा? कायदा म्हणतो, सगळ्या मुलांचा. बाजारात गेलात तर खेळण्यातली शिरस्त्राणं, चिलखतं, धनुष्यबाण दिसतात, म्हणजे मुलग्यांचा. आणि जुन्या लोकपरंपरेत डोकावलं तर हा एकेकाळी बायकांचा दिवस होता असंही निघतं. एकाच तारखेवर तीन जणांचा हक्क! आपल्याकडे वाड्याच्या सातबाऱ्यावर असतो तसा.

सुरुवात चीनपासून करावी लागते. जुन्या चांद्र पंचांगात पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस. चिनी लोक पाचवा महिना वाईट मानत. कारण साधं आहे : उकाडा वाढलेला, हवा दमट, अन्न नासतंय, किडे-डास वाढलेत, साथीचे रोग पसरतायत. मग या दिवशी उग्र वासाच्या वनस्पती दारावर टांगायच्या, रानात जाऊन औषधी गोळा करायच्या, असा रिवाज होता. तो जपानमध्ये आला. ‘निहोन शोकी’ हा जपानचा जुना इतिहासग्रंथ, त्यात इसवी सन ६११ ची नोंद आहे : सम्राज्ञी सुइको हिच्या दरबाराने पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी उदा नावाच्या माळावर ‘कुसुरीगारी’ केली. शब्दशः ‘औषधांची शिकार’. पुरुष हरणांच्या कोवळ्या शिंगांसाठी जायचे, तीही औषधात वापरत, आणि बायका वनस्पती खुडायच्या. लक्षात घ्या, चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत मुलं कुठेच नाहीत.

या दिवसाचं जपानी नाव ‘तांगो नो सेक्कु’. ‘सेक्कु’ म्हणजे ऋतूच्या सांध्यावरचा सण. ‘तान’ म्हणजे सुरुवात, आणि ‘गो’ म्हणजे बारा प्राण्यांच्या चक्रातला घोडा. घोड्याच्या महिन्यातला पहिला घोड्याचा दिवस, असा मूळ अर्थ. पण ‘गो’ म्हणजे पाचही होतं, उच्चार एकच. त्यामुळे पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस पक्का झाला. या सणाच्या कथेत उच्चाराचा असा खेळ पुन्हा एकदा येणार आहे, आणि दुसऱ्या वेळी त्याने फार मोठा उलटफेर केला.

आता वेखंड. जपानी नाव ‘शोबु’. पाणथळ जागी उगवणारी, तलवारीसारख्या लांब, ताठ पानांची वनस्पती. पान चुरगाळलं की तोच वास, जो आपल्याला मुळाच्या पुडीमुळे माहीत आहे. तुमच्या आजीने तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर वेखंडाची पूड लावली असेल, शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा-वेखंडाची धुरी दिली असेल. बाळगुटीत उगाळायच्या मुळ्यांमध्येही वेखंड असतंच. जपानमधला शोबु ही त्याच वेखंडाची जात. तिथे मूळ उगाळण्याऐवजी पानं वापरतात एवढाच फरक.

इथे एक घोळ सांगून टाकतो, कारण इंटरनेटवर चित्रं शोधायला जाल तर फसाल. ५ मेच्या भेटकार्डांवर एक देखणं जांभळं फूल असतं. ते आयरिसचं, ‘हानाशोबु’. नावात शोबु आहे, पानंही तशीच दिसतात, पण कूळ वेगळं. खऱ्या शोबुचं फूल म्हणजे पिवळट हिरवी कणसासारखी दांडी. कुणी भेटकार्डावर छापणार नाही असं. तेव्हा औषध एकाचं, फोटो दुसऱ्याचा. जपानी लोकांचाही गोंधळ होतो, आपला झाला तर नवल नाही.

हेइआन काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, क्योतोच्या राजवाड्यापासून साध्या घरांपर्यंत सगळ्यांच्या वळचणीला या दिवशी शोबु आणि ‘योमोगी’ची पानं खोचलेली असत. योमोगी म्हणजे आपल्या दवण्याच्या गोतातली सुगंधी वनस्पती. राणीच्या दासीवर्गातली लेखिका सेई शोनागोन हिने आपल्या ‘माकुरा नो सोशी’ या स्फुटसंग्रहात सगळ्या सणांत हाच सण सरस ठरवला आहे, आणि कारण दिलंय ते वासाचं. सुगंधी औषधांच्या गोळ्यांना पाच रंगांचे लांब दोरे लावून त्या एकमेकांना भेट देत, घरात टांगत. ‘कुसुदामा’ म्हणत त्याला. रोगराई आणि दृष्ट, दोन्हींवर एकच उपाय. आपल्याकडच्या काळ्या दोऱ्याचे हे रंगीत भाऊबंद.

आता खेड्यात जाऊ, कारण दरबाराच्या नोंदी मिळतात, खेड्याच्या फारशा मिळत नाहीत, आणि तरी महत्त्वाचं तिथेच घडत होतं. हा पाचवा महिना म्हणजे भाताच्या लावणीचा महिना. लावणी बायका करत. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी जपानच्या वेगवेगळ्या भागांतून एक प्रथा नोंदवली आहे : या सणाच्या सुमारास एक रात्र बायका घरात किंवा वेगळ्या झोपडीत राहायच्या, छपराला शोबु आणि योमोगी लावलेली, आणि त्या रात्री पुरुषांनी बाहेर राहायचं. शेतात उतरण्याआधीची ही शुद्धी. त्या रात्रीला ‘बायकांचं घर’ असंच नाव होतं. चिकामात्सु मोन्झाएमोन हा जपानचा थोर नाटककार, त्याचं १७२१ सालचं कठपुतळ्यांचं नाटक आहे, ‘ओन्नागोरोशी आबुरा नो जिगोकु’. त्यात तेलाच्या दुकानातल्या एका बाईचा खून होतो, आणि तोही याच सणाच्या आदल्या रात्री. नाटकात या प्रथेचा उल्लेख येतो, की बाईला कुठेच स्वतःचं घर नसतं, तरी वर्षातून ही एक रात्र तिच्या घराची म्हणवली जाते. आणि त्याच रात्री तिला तिच्या घरात मारतात. चिकामात्सुच्या प्रेक्षकांना यातला कडवटपणा कळत असणार.

म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरी माणसालासुद्धा या दिवसाचं बायकांशी असलेलं नातं आठवत होतं. मग मुलगे आले कुठून?

उत्तर पुन्हा उच्चारात. बाराव्या शतकाच्या शेवटी सत्ता दरबारी सरदारांकडून योद्ध्यांकडे गेली. सामुराईंचं राज्य आलं. त्यांना वासाशी, कवितेशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण ‘शोबु’ या उच्चाराचा दुसराही एक शब्द आहे, वेगळ्या चिन्हांनी लिहिला जाणारा. त्याचा अर्थ शौर्याचा आदर. तिसराही आहे, सामना, हार-जीत. शिवाय पानाचा आकार तलवारीचा! कुणी एका दिवसात ठरवलं असं नव्हे, पण हळूहळू औषधाचा सण शस्त्राचा झाला. या दिवशी धावत्या घोड्यावरून बाण मारण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. पोरं शोबुची पानं वळून त्यांच्या तलवारी करू लागली. श्लेषाने एवढं मोठं काम केल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सतराव्या शतकापासून तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत वर्षातले पाच सेक्कु सरकारी सण ठरले, त्यात हा एक. त्या दिवशी सरदारांनी एदोच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या तोक्योत, जाऊन शोगुनला मुजरा करायचा. सामुराईच्या घरात मुलगा जन्मला की दारासमोर निशाणं, भाले, शिरस्त्राण मांडायचं. वंशाला वारस आला हे जगाला कळावं म्हणून. हेही आपल्याला परकं वाटू नये; मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे आपण अगदी परवापरवापर्यंत करत होतो.

आणि मग शहरातल्या व्यापाऱ्यांनी एक गंमत केली. त्यांच्याकडे पैसा होता, मुलगे होते, पण घराण्याची युद्धनिशाणं कुठून आणणार? तेव्हा त्यांनी कागदाचा मासा केला. कार्प जातीचा, जपानीत ‘कोइ’. निशाणाला ‘नोबोरी’ म्हणतात, म्हणून हा ‘कोइनोबोरी’. मासाच का? चिनी दंतकथा आहे : पीत नदीवर ‘ड्रॅगनचा दरवाजा’ नावाचा धबधबा आहे, तो जो कार्प प्रवाहाविरुद्ध चढून पार करील तो ड्रॅगन होईल. चीनमध्ये ही उपमा सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना लावत. शस्त्राने मोठं न होता कष्टाने मोठं होण्याची गोष्ट; व्यापाऱ्याला अगदी चपखल.

हिरोशिगे या चित्रकाराच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेत १८५७ सालचं सुइदोबाशी पुलाचं चित्र आहे. ते जरूर बघा. चित्रभर एक प्रचंड मासा, इतका जवळून काढलेला की मागचा फुजी पर्वत त्याच्यापुढे खेळण्यासारखा दिसतो. आणखी दोन मासे लांब फडकतायत. आणि तीनही काळे. आज आपण कोइनोबोरी म्हटलं की लाल, निळे, हिरवे, नारिंगी मासे ओळीने डोळ्यासमोर येतात. तेव्हा तसं नव्हतं. मासा म्हणजे मुलगा, आणि मुलगा म्हणजे काळा मासा, एवढंच.

रंग कसे आले, ते सांगतो. त्यात या सणाची अर्धी कथा आहे. मेइजी काळात काळ्याच्या जोडीला लाल मासा आला. मोठा काळा, धाकटा लाल. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या माशांवर एक बालगीत आलं. आजही प्रत्येक जपानी मुलाला ते पाठ असतं. त्या गाण्यात मोठा काळा मासा म्हणजे वडील, आणि लहान लाल मासे म्हणजे मुलं. आई? आई गाण्यात नाही. गाणं लिहिलंय मात्र एका बाईने, कोंदो मियाको यांनी. आणि त्यांचं नावसुद्धा कित्येक दशकं गाण्याखाली छापलं जात नव्हतं, गीतकार अज्ञात मानला जायचा. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९९३ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने हे गीत त्यांचंच असल्याचं मान्य केलं. पुढे काळ बदलला तसा लाल मासा आईकडे गेला, आणि मुलांसाठी निळे, हिरवे आले. कुटुंबात जितकी माणसं तितके मासे. गाण्याचे शब्द मात्र तेच राहिले. मुलं आजही गातात वडील आणि पोरं, आणि दांडीवर दुसऱ्या नंबरला फडकत असते आई.

मी थोडा पुढे गेलो. मेइजी काळात आणखी एक गोष्ट झाली, ती सोडून चालणार नाही. १८७३ च्या १ जानेवारीपासून जपानने जुनं चांद्र पंचांग टाकून युरोपीय कॅलेंडर घेतलं, आणि त्याच महिन्यात शोगुनांच्या काळातले पाचही सेक्कु सरकारी यादीतून काढून टाकले. नव्या सरकारला सम्राटाशी जोडलेल्या नव्या सुट्ट्या हव्या होत्या. लोकांनी सण सोडले नाहीत, पण तारखा तशाच नव्या कॅलेंडरवर उचलून ठेवल्या. पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे ५ मे. कल्पना करा, उद्या कुणी म्हणालं की चैत्र हा पहिला महिना, तेव्हा गुढीपाडवा १ जानेवारीला करा. कडुनिंबाची कोवळी पालवी कुठून आणणार? जपानमध्ये नेमकं हेच झालं. जुन्या पंचांगाचा हा दिवस साधारण जूनमध्ये यायचा, पावसाळ्याच्या तोंडावर. दमट हवा, रोगराई, भातलावणी, उग्र पानं, सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. ५ मेला जपानमध्ये हवा कशी असते? वर्षातली सगळ्यात छान. निळं आकाश, कोरडा वारा, मासे फडकायला उत्तम. पण रोगराई टाळायला पानं का लावायची, याचं कारणच हवेतून निघून गेलं. ‘सात्सुकिबारे’ असा एक शब्द आहे, सात्सुकी म्हणजे पाचवा महिना. पूर्वी त्याचा अर्थ होता पावसाळ्यातली उघडीप. आज बहुतेक लोक तो मे महिन्यातल्या स्वच्छ आकाशासाठी वापरतात. सणाबरोबर शब्दानेही घर बदललं.

आता १९४८. इथे मला जरा सावकाश जायचंय.

युद्ध संपून तीन वर्षं झालेली. शहरं जळालेली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने देशभरातल्या अनाथ मुलांची मोजणी केली. ओकिनावा त्यात धरलेलं नव्हतं, ते अमेरिकेच्या ताब्यात होतं. आकडा आला सुमारे १ लाख २३ हजार ५००. स्टेशनांच्या भुयारी मार्गांत झोपणारी, बूट पुसणारी, चोऱ्यामाऱ्या करून जगणारी मुलं. त्याआधीच्या काही महिन्यांत मुलांच्या कल्याणाचा कायदा झाला होता. आणि १ जानेवारी १९४८ पासून नवा कौटुंबिक कायदा लागू झाला होता, ज्याने घराच्या कर्त्या पुरुषाचे जुने अधिकार रद्द केले. तोवर कायद्याच्या नजरेत व्यक्ती नव्हतीच, घराणं होतं. आणि घराण्याचा कर्ता जवळपास नेहमी पुरुष.

अशा वेळी संसदेत नव्या राष्ट्रीय सुट्ट्यांचा कायदा होत होता. सम्राटपूजेच्या जुन्या सुट्ट्या जाऊन काय ठेवायचं? वरिष्ठ सभागृहाच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष कादंबरीकार यामामोतो युझो होते. २० जुलै १९४८ ला कायदा जारी झाला. नऊ सुट्ट्या, आणि प्रत्येकीपुढे ती कशासाठी, हे एकेका ओळीत लिहिलेलं. मला हा कायदा आवडतो तो याच कारणासाठी. सुट्टी का आहे हे सांगायची तसदी किती सरकारं घेतात?

‘कोदोमो नो ही’पुढे जे लिहिलंय त्याचा आशय असा : मुलांच्या व्यक्तित्वाचा मान राखावा, त्यांचं सुख साधावं, आणि त्याचबरोबर आईविषयी कृतज्ञता व्यक्त करावी.

या एका ओळीत काय काय आहे बघा. पहिलं म्हणजे ‘मुलगे’ असा शब्द नाही. ‘कोदोमो’, मूल. शोगुनांचं शिरस्त्राण ज्या दिवशी मांडलं जायचं तोच दिवस कायद्याने मुलींनाही दिला. दुसरं, ‘व्यक्तित्व’. वारस म्हणून नव्हे, सैनिक होणार म्हणून नव्हे, मूल स्वतः कुणीतरी आहे म्हणून. ज्या देशाने तीनचार वर्षांपूर्वी पोरांना कारखान्यांत आणि युद्धावर धाडलं होतं, तिथे हा शब्द कायद्यात येणं सोपं नव्हतं. आणि तिसरी ती आई. जगातल्या बालदिनांत आईचे आभार मानायला सांगणारा दुसरा कायदा माझ्या बघण्यात नाही. जपानमध्ये मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वेगळा मातृदिन असतो, ती सुट्टीची बाब नाही. मग इथे आई का? कायदा कारण देत नाही. पण शोबुच्या छपराखालची ती ‘बायकांच्या घरा’ची रात्र डोक्यात ठेवून ही ओळ वाचली की मला तरी ती फिरून आल्यासारखी वाटते. हे माझं वाचन आहे, संसदेत कुणी असं म्हटलं असा माझा दावा नाही. वडिलांचा उल्लेख नाही यावर तिथे दर वर्षी विनोद होतात, ते वेगळं.

पहिला ‘कोदोमो नो ही’ ५ मे १९४९ ला आला. दोन वर्षांनी, १९५१ च्या ५ मेलाच, ‘जिदो केनशो’, म्हणजे मुलांची सनद, जाहीर झाली. मुलाला माणूस म्हणून मान, समाजाचा घटक म्हणून स्थान आणि वाढायला चांगलं वातावरण, ही तिची तीन मूळ तत्त्वं.

मग कायद्याने सण बदलला का? खरं सांगायचं तर, अर्धाच. मुलगा झाला की पहिल्या ५ मेला घरात ‘काबुतो’, शोभेचं शिरस्त्राण, आजही मांडतात. बऱ्याच भागांत ते आईच्या माहेराहून येतं, आपल्याकडच्या बाळंतविड्यासारखं. त्याची किंमत ऐकली की आजोबांच्या पेन्शनची काळजी वाटते. मुलींसाठी ३ मार्चचा बाहुल्यांचा सण आहे, ‘हिनामात्सुरी’. तो मोठ्या प्रेमाने होतो, पण त्या दिवशी सुट्टी नाही. मुलग्यांच्या सणाला सुट्टी आणि मुलींच्या सणाला शाळा, ही तक्रार जपानी मुली करत आल्या आहेत, आणि त्यांना कायद्याची ओळ वाचून दाखवली की त्या म्हणतात, मग दुकानात आमच्यासाठी काय आहे? या प्रश्नाला कायद्याकडे उत्तर नाही.

कोरियातही बालदिन ५ मेलाच असतो, म्हणून बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. तिथली कथा निराळी आहे. लेखक बांग जोंग-ह्वान आणि त्यांच्या साथीदारांनी जपानी राजवटीखाली, १९२० च्या दशकात, मुलांच्या सन्मानाची चळवळ सुरू केली, तीही १ मेला. ५ मे ही तारीख १९४६ पासूनची. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.

खाण्याचं राहिलं, आणि ते राहू नये. तोक्योच्या बाजूला ‘काशिवामोची’ खातात : तांदळाच्या पिठाची मऊ पारी, आत गोड वाटलेल्या लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण, आणि बाहेर काशिवा नावाच्या ओकचं पान. पान खायचं नसतं, वासासाठी असतं. हळदीच्या पानातली पातोळी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. हेच पान का, तर या झाडाची जुनी पानं वाळली तरी नवे कोंब फुटेपर्यंत गळत नाहीत. पुढची पिढी आल्याशिवाय मागची जात नाही, वंश तुटत नाही, असा अर्थ सामुराईंच्या एदोने त्यात वाचला. क्योतो-ओसाकाकडे मात्र पानात गुंडाळलेली लांबट ‘चिमाकी’ असते, ती थेट चीनकडून आलेली. एकाच सणाला अर्धा देश वारसाचं पान उलगडतो आणि अर्धा देश जुनी चिनी आठवण.

वारसाच्या पानावरून आजच्या आकड्यांवर येतो. जपान सरकार दर वर्षी या सणाच्या तोंडावर पंधरा वर्षांखालच्या मुलांची अंदाजे संख्या जाहीर करतं. म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी पेपरात मुलांची मोजणी येते. १९५४ मध्ये ती २ कोटी ९८ लाख ९० हजार होती, आजवरची सगळ्यात जास्त. १९८२ पासून सलग घट चालू आहे. २०२५ चा आकडा १ कोटी ३६ लाख ६० हजार, लोकसंख्येच्या ११.१ टक्के. १९५० मध्ये दर तीन जपानी माणसांत एकाहून जास्त मूल होतं. आता नऊ जणांत एक.

याचा परिणाम माशांवर दिसतो. कोची प्रांतात शिमांतो नावाची नदी आहे. तिथल्या गावात १९७४ मध्ये नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणून त्यावर कोइनोबोरी लावायला सुरुवात झाली. घरोघरची पोरं मोठी झालेली, मासे पेटाऱ्यात पडून होते, ते बाहेर काढले. आता ही पद्धत देशभर पसरली आहे. नदीवर शेकडो मासे एका ओळीत पोहताना दिसतात, पर्यटक फोटो काढतात. फार सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. पण त्यातले कितीतरी मासे अशा घरांतून आलेत जिथे आता दांडी उभारायला कारण उरलेलं नाही. साइतामा प्रांतातलं काझो हे मासे बनवणाऱ्यांचं गाव, तिथे शंभर मीटर लांबीचा मासा क्रेनने उचलून उडवतात. तोक्योतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हातभर लांबीचे.

आणि एक जागा अशी आहे जिथे मासे ५ मेच्या आधीच चढतात. मियागी प्रांतातलं हिगाशी-मात्सुशिमा, २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेलं. तिथे धाकटा भाऊ गमावलेल्या एका मुलाने घराच्या ढिगाऱ्यातून निघालेला त्या भावाच्या आवडीचा निळा मासा धुऊन उभारला. निळा, कारण नव्या पद्धतीत निळा म्हणजे लहान मूल. पुढे देशभरातून लोकांनी आपापले निळे मासे पाठवले, आणि आता दर ११ मार्चला तिथे शेकडो निळे मासे असतात. काळे नाहीत, लाल नाहीत. वडील नाहीत, आई नाही, फक्त मुलं.

इथे मी थांबतो. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो : ‘जपानी लोक त्या वेखंडाचं आता काय करतात?’ बरं झालं विचारलंत, ते सांगायचं राहून गेलं होतं. आंघोळ करतात. ‘शोबुयु’ म्हणतात. ५ मेच्या संध्याकाळी घरच्या टबात किंवा सार्वजनिक स्नानगृहाच्या हौदात शोबुची पानं जुडीने सोडतात, कढत पाण्यात ती तरंगत असतात, आणि सगळं स्नानगृह त्या वासाने भरून जातं. सुपरमार्केटात पानांच्या जुड्या मिळतात, कोथिंबिरीसारख्या. मुलं एक पान कपाळाला पट्टीसारखं बांधून पाण्यात बसतात, म्हणजे हुशारी येते म्हणे, आजारपण येत नाही. मुलगे बांधतात, मुलीही बांधतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात वेखंड मिळतं ते वाळलेलं मूळ, पानं मिळत नाहीत. कोकणात कुणाच्या परसात पाणथळ जागी लावलेलं असेल तर त्यांनी पान चुरगाळून वास घेऊन बघावा.